रत्नाची पकड

पिंपळवंडीच्या रत्नाने वयाच्या चाळिसाव्या वर्षी जिम लावायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी हसलं नाही. एरवी हसले असते. तिचा नवरा ज्ञानेश्वर, ज्याला सगळं गाव माऊली म्हणतं, त्यानं तर जेवताना आठ दिवस चेष्टा पुरवली असती. पण आशा गेल्यापासून त्या घरात रत्नाच्या कुठल्याच गोष्टीला कुणी हसत नव्हतं आणि तिच्यावर कुणी रागावतही नव्हतं. कालवण खारट झालं तरी दोघे भाऊ गपगुमान खाऊन उठायचे.

आशा ही तिची धाकटी जाऊ, दीर सयाजीची बायको. एकोणतीस वर्षांची होती. चौदा महिन्यांपूर्वी, चैत्रात, मळ्यातल्या शेततळ्यात बुडून गेली.

त्या चौदा महिन्यांत रत्ना सोळा किलोनं वाढली. मळ्यात तिनं पाय ठेवला नव्हता. दिवसभर घरात असायची, आणि घरात असलं की तोंड चालू राहायचं. शिळी भाकरी, फरसाण, दुधावरची साय, जे हाताला लागेल ते. भूक लागली म्हणून नव्हे. तोंड हलत असलं की बाकी काही ऐकू यायचं नाही, म्हणून. जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा माऊली तिला नारायणगावला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"साखर काठावर आलीय," रिपोर्ट बघत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लिव्हरवर चरबी दिसतेय. आत्ता गोळ्या देत नाही. चार महिने देते तुम्हाला. चरबी उतरवा आणि अंगात ताकद आणा. नुसतं उपाशी राहू नका, चरबीच्या आधी ताकदच जाईल. चालता का?"

"कुठं चालू? पहाटंचं बिबट्या, तिन्हीसांजेचं बिबट्या. चोहीकडं ऊस उभा हाये."

डॉक्टरीणबाई त्याच भागातल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. "मग जिम बघा एखादी. आळेफाट्याला बायकांची दुपारची बॅच असते."

परत येताना मोटारसायकलवर माऊली म्हणाला, "त्यापरीस मळ्यात येत जा. खुरपायला बस. अंग आपसूक हलंल."

"मळ्यात न्हाई," रत्ना म्हणाली.

त्यानं गाडी गावाकडं वळवली.

जिमला जायला ती तयार झाली, त्याचं खरं कारण मात्र साखर नव्हतं. ते तिच्या उजव्या हातात होतं. आशा गेल्यानंतर महिनाभरानं तिच्या उजव्या तळव्याला ओल यायला लागली. पीठ मळताना, पाट्या उचलताना, दार ओढताना, म्हणजे कशावरही पकड घट्ट करायची वेळ आली की तळवा गार पडायचा आणि ओला व्हायचा. नुसता घाम नव्हे. घामाला असा वास नसतो. याला शेवाळाचा वास होता. ती पदराला हात पुसायची. पुसला तरी तळव्यात काहीतरी उरायचं. कुणीतरी बोटांत बोटं अडकवलीत आणि ती आता सरकायला लागलीत, असं.

त्या दुपारी काय झालं ते सगळ्या गावाला माहीत होतं. घरची आठ-दहा मेंढरं होती. रत्नाच्या सासऱ्यांच्या काळात शंभरावर होती, कोकणापर्यंत चरायला जायची. आता नावापुरती राहिली होती. त्यातलं एक कोकरू तळ्यावर पाणी प्यायला गेलं आणि कागदावरून घसरून आत पडलं. शेततळ्याचा तो काळा प्लॅस्टिकचा कागद. त्यावर शेवाळ धरलं की मुंगीसुद्धा वर येऊ शकत नाही. आशा कोकराला धरायला वाकली आणि तीही गेली. रत्ना धावली. भरावावर पालथी पडून तिनं आशाचा हात धरला. पलीकडं मोटार चालू होती, तिच्या आवाजात कुणाला हाका ऐकू गेल्या नाहीत. माऊली आणि सयाजी पोचले तेव्हा रत्ना भरावावर बसलेली होती आणि पाणी शांत होतं.

"हात निसटला," एवढंच ती बोलली. पोलिसांनी पंचनाम्यात तेच लिहिलं. भेटायला आलेल्या बायकांनीही तेच धरलं. ओला हात, शेवाळलेला कागद, निसटणारच. सयाजीनं तिला एका शब्दानं काही विचारलं नाही.

पण रत्नाला स्वतःला ते आठवत नव्हतं. पालथं पडल्याचं आठवत होतं. छातीखालचा मुरूम सुटून ती स्वतःच खाली सरकायला लागल्याचं आठवत होतं. आशा वर बघून "ताई, सोडू नका" म्हणाली, ते आठवत होतं. आणि मग ती भरावावर बसलेली होती. मधलं काही नव्हतंच. हात निसटला की तिनं सोडला, हे सांगणारं त्या मळ्यात दुसरं कुणी नव्हतं. चौदा महिने ती स्वतःलाच विचारत होती आणि आतून उत्तर येत नव्हतं.

*

आळेफाट्याची जिम खतांच्या दुकानाच्या वर होती. दुपारी बारा ते दोन बायकांची बॅच. शिकवणारी आरती आंबेगाव तालुक्यातल्या पेठची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळलेली. रत्ना पहिल्या दिवशी मुलीची, मोहिनीची, जुनी ट्रॅकपँट आणि वरून पंजाबी ड्रेसचा कुडता घालून गेली. मोहिनी ओतूरला कॉलेजात होती. तिनंच फोन करून नाव घातलं होतं.

आरतीनं तिला वजनकाट्यावर उभं केलं, टेपनं कंबर मोजली, आणि मग समोर बसवून एका कागदावर आखायला घेतलं.

"हे बघा ताई, घाई नाय करायची. आठवड्यातून तीन दिवस या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधल्या दिवशी अंगाला सुट्टी, पण चालणं रोज. अर्धा तास."

"बाहेर चालता येत न्हाई."

"मग अंगणात घराला फेऱ्या मारा. मीपण तेच करते." ती लिहीत होती. "खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. दहा वेळा, अशा तीन खेपा. मग भिंतीला हात लावून दंड. मग वाकून डंबेल कमरेकडं ओढायचं. उताणं झोपून कंबर वर उचलायची. शेवटी दोन्ही हातांत वजनं घेऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. बारा वेळा सोपं जायला लागलं की वजन वाढवू, थोडंच. पहिला महिना फक्त अंगाला सवय लावायची."

"आन् खायाचं?"

"पोट मारायचं नाय. भाकऱ्या चाराच्या दोन करा, पण डाळ, मटकी, अंडी वाढवा. दोन अंडी रोज. ताक चालेल. फरसाण घरातच आणू नका. आणि काट्यावर रोज उभ्या राहू नका, मन खट्टू होतं. कंबर मोजायची, पंधरा दिवसांनी."

रत्नानं कागद घेतला. घडी घातली. उठता उठता म्हणाली, "हाताची पकड वाढायला काय करायचं?"

आरतीनं वर पाहिलं. "पकड? बायका मला पोटाचं विचारतात, दंडाचं विचारतात. पकडीचं तुम्हीच पहिल्या."

"वाढती का पण?"

"वाढते की. लटकायचं." तिनं दाराजवळच्या लोखंडी बारकडं बोट दाखवलं. "पण ते नंतर. आधी हे."

पहिले तीन आठवडे रत्नानं कागदावर होतं तेवढंच केलं. मांड्या दुखल्या, संडासला बसता येईना, तरी तिनं एक वार चुकवला नाही. घरी सकाळी उन्हं आली की अंगणात फेऱ्या मारायची. गोठ्याला वळसा, तुळशीला वळसा, परत. सयाजी दारात दात घासत उभा असला की त्याच्याकडं न बघता जायची. फरसाणाचा डबा तिनं धुऊन पालथा घातला. कंबर दीड इंचानं उतरली तेव्हा आरती तिच्यापेक्षा जास्त खूष झाली.

अडायचं ते फक्त शेवटच्या व्यायामाला. दोन्ही हातांत सारखीच वजनं घेऊन चालताना डावा हात नीट यायचा. उजवा खाली ओढला जायचा. निम्मा हॉल पार केला की उजव्या तळव्याला गारवा यायचा, मग ओल, मग ती बोटं. एकदा शेजारी व्यायाम करणाऱ्या बाईनं फरशीकडं बघून विचारलं, "ताई, तुमची पाण्याची बाटली सांडली का?" रत्नाच्या मागं फरशीवर थेंब पडलेले होते. तिच्याकडं बाटली नव्हतीच. तिनं पायानं ते थेंब पुसले आणि वजनं जागेवर ठेवली.

पाचव्या आठवड्यात आरतीनं तिला बारखाली स्टुलावर उभं केलं. "धरा घट्ट. मी स्टूल काढते. जमेल तेवढं थांबा."

रत्ना लटकली. खांद्यात कळ गेली. तिनं डोळे मिटले आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन.

"सोडू नका!" आरती खालून ओरडली. सगळ्याच बायकांना ती असंच ओरडून सांगायची. "सोडू नका ताई, सोडू नका!"

रत्ना धाडकन खाली आली. गुडघ्यावर आपटली, उठली, आणि मोरीत जाऊन तिनं आतून कडी घातली. बेसिनमध्ये हात धरला, नळ सोडला नाही. तळव्यातून पाणी ठिबकत राहिलं. किती वेळ ते तिला कळलं नाही. बाहेरून आरती दार वाजवत होती.

"ताई? लागलं का? माझं काही चुकलं का?"

"न्हाई," आतून रत्ना म्हणाली. "घाबरले जरा. तुमी ते वरडू नका फक्त."

आरतीनं परत कधी आवाज दिला नाही. पण रत्नानं लटकणं सोडलंही नाही. गोठ्यात आडवा लोखंडी पाइप होता, त्याला ती दुपारी घरी कुणी नसताना लटकायला लागली. खाली पाण्याची टाकी उलटी करून ठेवायची, वर चढायची, पाइप धरायचा आणि पाय सोडायचे. पहिल्या दिवशी सहा आकडे झाले. मग नऊ. मग चौदा. गाय रवंथ करत तिच्याकडं बघत राहायची. कधीकधी गाय तिच्याकडं न बघता तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघायची आणि कान मागं घ्यायची. तेव्हा रत्ना मान वळवायची नाही. शेजारी कुणीतरी श्वास घेतंय एवढं तिला कळायचं. पळून आल्यासारखा, अडकत अडकत येणारा श्वास.

"आशे," ती एकदा लटकता लटकता म्हणाली, "मी बघतीय. जरा दम धर."

*

श्रावणात रत्ना सात किलोनं उतरली होती आणि पाइपाला तीस आकडे लटकत होती. खुर्चीवरून उठायचा व्यायाम आता हातात दहा किलोचं वजन घेऊन व्हायचा. आरतीनं जुना कागद फाडून नवा लिहिला. भिंतीचे दंड संपले, आता बाकड्यावर. नवी वजनं, नव्या खेपा.

त्या दिवशी बॅचला दोघीतिघीच होत्या. व्यायाम झाल्यावर रत्ना जमिनीवर बसून हात चोळत होती. आरती शेजारी येऊन बसली.

"तुमची पकड लई सुधारली ताई. पहिल्या दिवशी मला वाटलं व्हतं, ही बाई महिन्यात पळून जाईल."

रत्नानं विचारलं, "तुमी कबड्डीत पाय धरायच्या ना समोरच्याचा?"

"घोटा. माझी तीच जागा होती, डावा कोपरा."

"मग कधी निसटला तर... म्हंजे तो निसटला का आपुनच सोडला, हे कळतं का?"

आरती हसली. "कळत नाय तर काय! आमचे सर त्यावरूनच शिव्या घालायचे. निसटतो ना, तेव्हा आधी करंगळी जाते. मग तिच्या शेजारचं. एकेक करून. हाताला इथं आग लागलेली असते," तिनं मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं, "आणि तरी आपण धरायलाच बघत असतो. शेवटच्या बोटापर्यंत. आणि लाथ बसायच्या भीतीनं सोडला ना, तर पाची बोटं एकदम उघडतात. दुखतसुद्धा नाय. बघणाऱ्यालापण कळतं ते."

रत्नानं आपल्या हाताकडं पाहिलं. मग ती उठली, बारकडं गेली, स्टुलावर चढली आणि स्वतःच पायानं स्टूल बाजूला सारलं.

या खेपेला तिनं आकडे मोजले नाहीत. कोपरापर्यंत आग आली, ती तिनं येऊ दिली. खांदे थरथरले. करंगळी सुटली. तिला ती सुटताना स्पष्ट कळली. मग अनामिका. उरलेल्या बोटांनी ती लोखंडाला ओरबाडत राहिली, दात एकमेकांवर घासले, आणि मग मधलं बोट गेलं आणि ती खाली आली. हाताला मुंग्या आल्या होत्या, मूठ वळत नव्हती.

आणि त्या मुंग्या आलेल्या हाताकडं बघताना तिला तो मधला तुकडा आठवला. न मागता सगळाच्या सगळा आठवला. मुरूम सुटला. तिचं तोंड कागदाला लागलं, उन्हानं तापलेला प्लॅस्टिकचा वास आला. अजून वीतभर सरकली असती तर ती आशाच्या अंगावर पडली असती. तिचा हात दुखत नव्हता. कोपराला आग नव्हती. तव्याचा चटका बसावा तशी तिची पाची बोटं एकदम उघडली होती. आशानं तरी तिचा तळवा धरून ठेवला होता. एकटीनं, एका बाजूनं, दोन-तीन श्वास. मग तीही गेली.

"ताई, भारी! चाळीसच्या वर गेलात," आरती म्हणाली. "रडताय काय?"

"घाम हाये," रत्ना म्हणाली आणि पिशवी घेऊन जिना उतरली.

त्या दिवसापासून तिचा तळवा कोरडा पडला. पीठ मळताना कोरडा, दार ओढताना कोरडा. गोठ्यात गाय तिच्याकडंच बघायची. शेजारी श्वास नव्हता. रत्नाला वाटलं होतं, हे थांबलं की बरं वाटेल. झालं उलटंच. घर एवढं मोकळं झालं की तिला भिंतीपासून भिंतीपर्यंत चालायची भीती वाटायला लागली. आठवडाभर ती जिमला गेली नाही. पुढच्या सोमवारी तिनं ट्रॅकपँट घातली, आळेफाट्याला उतरली, आणि जिमचा जिना न चढता पिंपरी पेंढारला जाणाऱ्या जीपमध्ये बसली.

*

पिंपरी पेंढारला आशाची आई राहायची, गजराबाई. साठीच्या पुढची, वाळकी, ताठ. नवरा मागंच गेलेला. त्या अजून मेंढरं राखून होत्या, पंचवीसेक. रत्ना पोचली तेव्हा त्या जाळीच्या वाड्यात खाली बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होत्या.

"ये," वर न बघता त्या म्हणाल्या. "वाळलीस गं."

"व्यायाम करते."

"आं?"

"वजनं उचलते मावशी. डाक्टरनी सांगितलं."

गजराबाईंनी काटा काढला, मेंढीला ढकलून दिलं आणि हात लुगड्याला पुसले. "बोल. उगं येणारी न्हाईस तू."

रत्नानं येताना जीपमध्ये पाच-सहा वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली. उभ्या उभ्या ती म्हणाली, "मावशी, आशाचा हात निसटला न्हाई. मी सोडला."

गजराबाई बसल्याच होत्या.

"मीबी सरकाया लागले व्हते. मुरूम सुटला. मला वाटलं मी जाते आता. आन् सोडला. मला आठवतच नव्हतं इतके दिवस. खरंच आठवत नव्हतं. गेल्या हप्त्यात आठवलं."

मग गजराबाई म्हणाल्या, "तिनं धरला व्हता?"

"व्हय."

"तू सोडल्यावरबी?"

"व्हय. दोन-तीन श्वास."

गजराबाईंनी डोळ्यांवर हात ठेवला. "तुला ठाऊक हाय मी काय केलं एवढे दिवस? मी तिला शिव्या घातल्या. रोज सकाळी वाडा झाडताना. म्हनलं, भवाने, मेंढपाळाची पोर तू, थोरला एडका शिंगाला धरून थांबवायचीस, आन् तुला जावंचा हात धरून ठेवता आला न्हाई? हातात जोर नव्हता का तुझ्या? सोळा-सतरा महिने मी मेलेल्या पोरीला नावं ठेवली, रत्ने."

रत्नाला हे सुचलंच नव्हतं. आपला तो एक शब्द कुठं जाऊन बसला असेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. 'निसटला' म्हणजे कुणाच्या तरी हातून निसटला. आणि तिच्या हातून नसेल तर आशाच्या.

"मावशी..."

"तू सोडला ते एक वेळ मला कळतं," गजराबाई म्हणाल्या. "मरनाला कोन भीत न्हाई? पर तू न आठवता बोललीस कशाला? ठाऊक न्हाई म्हनायचं व्हतं. तेवढं तरी." त्या उठल्या. "जा आता तू. मला तिच्याशी बोलायचंय."

त्या वाड्याच्या आत गेल्या आणि मेंढरांमध्ये पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. रत्ना जीपची वाट बघत रस्त्यावर थांबली. तासाभरानं जीप आली.

त्याच संध्याकाळी, जेवणाच्या आधी, तिनं माऊली आणि सयाजीला समोर बसवून सांगितलं. माऊली म्हणाला, "तूबी गेली असतीस, दुसरं काय?" ती म्हणाली, "ते खरं हाये. पर हेबी खरं हाये." सयाजी वाढलेलं ताट तसंच सोडून उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं मळ्यातल्या खोलीत चूल मांडली आणि तिथंच राहायला लागला. डबा पाठवला तर तो परत यायचा, न उघडता.

रत्नानं परत जिम सुरू केली. का, ते तिला सांगता आलं नसतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार एवढं तरी आठवड्याला धरायला होतं. आरतीनं आठवड्याच्या दांडीबद्दल विचारलं नाही. रत्ना वजनं दोन किलोनं कमी करून परत पहिल्यापासून चढत गेली. चौथ्या महिन्याच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून चष्मा काढला. "साखर मागं गेलीय. काय केलंत?"

"सांगितलं तेवढंच," रत्ना म्हणाली.

दिवाळीच्या आधी आठ दिवस गजराबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. "मेंढरं कातरायचीत. कातरणारा उद्या येतोय, पर मेंढरू दाबून धरायला मानूस न्हाई. तू वजनं उचलतीस ना? मग ये."

रत्ना गेली. कातरणारा एक म्हातारा होता, तो कात्री सोडून वर बघत नव्हता. रत्ना एकेक मेंढी वाड्यातून काढायची, आडवी पाडायची, गुडघा तिच्या मानेजवळ टेकवून चारी पाय एकत्र धरायची. अंग कातरून झालं की सोडायची. लोकर एका बाजूला साठत गेली. गजराबाई ती वेचून पोत्यात भरत होत्या. दोघी कामापुरतं बोलत होत्या. धर. सोड. जरा इकडं.

अकरावी मेंढी धरली तेव्हा रत्नाच्या उजव्या तळव्याला गारवा आला. तिनं हात काढला नाही, पदराला पुसला नाही. ओल बोटांतून खाली मेंढीच्या पायावर उतरली. मेंढी एकदम शांत झाली.

गजराबाईंनी लोकर वेचता वेचता त्या ओल्या पायाकडं पाहिलं. मग रत्नाच्या हाताकडं. कातरणारा पाणी प्यायला उठून जाईपर्यंत त्या थांबल्या.

"तुझ्याकडं येती का ती?" त्यांनी हळूच विचारलं.

रत्नानं मान हलवली. "मधी येत नव्हती."

"बोलती काही?"

"न्हाई."

"माझ्याशीबी न्हाई बोलत," गजराबाई म्हणाल्या. "दुपारची येती. वाड्याच्या तोंडाशी उभी ऱ्हाती, न्हाल्यावानी केस वले. आधी मी शिव्या द्यायची तवा खाली बघायची." त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं. "आता बघती माझ्याकडं."

म्हातारा चूळ भरून परत आला आणि कात्री दगडावर घासत खाली बसला.

"आन पुढची," गजराबाई म्हणाल्या. "ती तांबडी आन. लई वढाळ हाये, नीट धर."